टिनियन: एका वाक्यात उरकलेला तळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की मराठी वृत्तपत्रांत हिरोशिमा-नागासाकीवर लेख येतात. त्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘टिनियन बेटावरून विमानाने उड्डाण केले.’ पुढच्या वाक्यात लेखक थेट हिरोशिमावर पोहोचतो. मधल्या अडीच हजार किलोमीटरचे सोडाच, पण ज्या जमिनीवरून ते विमान उठले ती कशी तयार झाली, कोणाच्या शेतावर झाली आणि नंतर तिचे काय झाले, याला एक ओळही मिळत नाही. सोबत छायाचित्र असते काचेच्या छपराखालच्या एका काँक्रीटच्या खड्ड्याचे. त्याखाली कधी ‘बंकर’ लिहिलेले असते, तर कधी ‘येथून अणुबॉम्ब सोडला’. तो खड्डा बंकर नाही आणि त्यातून काही सोडलेही गेले नाही. तो नेमका कशासाठी होता हे पुढे लिहितो.

टिनियन हे पॅसिफिकमधल्या उत्तर मारियाना बेटांपैकी एक. क्षेत्रफळ जेमतेम १०१ चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर लांबी सुमारे १९ किलोमीटर. बेट म्हणजे प्रवाळाच्या चुनखडीच्या पायऱ्या, वर पातळ माती. पहिल्या महायुद्धात जपानने ते जर्मनीकडून घेतले आणि तिथे ऊस लावला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेटावर साखर कारखाने होते, उसासाठी अरुंद रेल्वे होती आणि पंधरा हजारांच्या आसपास नागरिक होते. त्यांत ओकिनावाचे शेतकरी आणि कोरियन मजूर पुष्कळ. बेटाचा बहुतेक सपाट भाग उसाखाली होता. विमानतळ बांधणाऱ्यांना पुढे हीच गोष्ट फळली. ज्या जमिनीचे आधीच चौकोनी, आखीव शेत झालेले असते तिथे झाडे-झुडपे काढायचा आणि मोजणीचा अर्धा त्रास वाचतो.

उत्तर टोकाला, उशी पॉइंटजवळ, जपानी नौदलाने साधारण ४,७०० फुटांची धावपट्टी केली होती. लढाऊ आणि मध्यम बॉम्बफेकी विमानांना ती पुरेशी होती. २४ जुलै १९४४ रोजी अमेरिकी मरीन वायव्येच्या दोन अगदी चिंचोळ्या किनाऱ्यांवर उतरले आणि १ ऑगस्टला बेट ताब्यात आल्याचे जाहीर झाले. लढाई संपायच्या आतच जपानी पट्टीवरचे खड्डे बुजवून ती वापरात आली होती. लढाईतून वाचलेले अकरा हजारांच्या आसपास नागरिक चुरो इथल्या छावणीत ठेवले गेले. १९४६ मध्ये त्यांना परत पाठवले. त्यांच्या उसाच्या शेतांवर तोवर डांबर पडले होते.

आता बांधकामाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

काम केले ते अमेरिकी नौदलाच्या बांधकाम बटालियनांनी. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘सीबी’ म्हणत. बी-२९ जातीच्या, लांब पल्ल्याच्या अवजड बॉम्बफेकी विमानांसाठी उत्तरेला नॉर्थ फील्डवर चार समांतर धावपट्ट्या झाल्या, प्रत्येक ८,५०० फुटांची, म्हणजे सुमारे २,५९० मीटर. पुण्याची लोहगावची धावपट्टी साधारण एवढीच आहे. अशा चार एकाशेजारी एक! शिवाय मध्य भागात वेस्ट फील्डवर आणखी दोन. चौथी पट्टी मे १९४५ मध्ये पुरी झाली. नॉर्थ फील्डवर विमाने उभी करायच्या २६५ जागा आणि जवळपास १८ किलोमीटर टॅक्सीमार्ग होते. त्या एका तळासाठी सुमारे २१ लाख घनयार्ड खोदाई आणि सुमारे ४८ लाख घनयार्ड भराव झाला. त्या काळी हा जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत गजबजलेला लष्करी विमानतळ होता, असे म्हणतात.

एवढा भराव आणायचा कुठून? बेटच प्रवाळाचे. सुरुंग लावायचे, शॉव्हेलने भरायचे, डंपरने आणून ओतायचे. पुढचे काम आपल्याकडच्या कुठल्याही रस्त्याच्या मुकादमाला सांगावे लागणार नाही. मुरमाचा रस्ता करतात तसेच: थर पसरायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा; पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. फरक इतकाच की प्रवाळात चुना असतो. ओलसर असतानाच दाबला तर बारीक कच मोठ्या तुकड्यांच्या फटींत बसते आणि वाळल्यावर सगळा थर एकसंध, जवळजवळ काँक्रीटसारखा होतो. समुद्राचे पाणी मारले तरी चालते. कोरडा प्रवाळ मात्र कितीही दाबा, बसत नाही. पाणी जास्त झाले तर चिखल होऊन रोलरला चिकटतो. मोठे दगड तसेच राहिले तर त्यांच्या भोवती पोकळी राहते आणि पहिल्या जड चाकाखाली तिथे खळगा पडतो. सगळी मेहनत ओलाव्याच्या मापात आहे.

वरचा डांबरी थर जेमतेम दोन-अडीच इंचांचा. हा थर वजन पेलण्यासाठी नव्हता. उघड्या प्रवाळावर पंख्यांचा वारा लागला की पांढरी धूळ उडते, ती इंजिनात जाते आणि पिस्टन-सिलिंडर घासून काढते. शिवाय पावसाने कच वाहून जाते. डांबर म्हणजे वरची छत्री, वजन पेलतो तो खालचा प्रवाळ. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण तळ सोडल्यानंतर ऐंशी वर्षांनी त्याचे काय होऊ शकले हे त्यावरच ठरले.

धावपट्ट्या इतक्या लांब का, याचे उत्तर विमानात आहे. भरलेल्या बी-२९चे वजन १,३५,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ६१ टनांच्या घरात जाई. चार राइट आर-३३५० इंजिने, प्रत्येकी १८ सिलिंडर, दोन ओळींत. मागच्या ओळीला थंड हवा कमी मिळे आणि तिथे इंजिन तापे. इंजिनाच्या आवरणावरच्या झडपा उघडल्या तर हवा आत येते, पण विमानाला ओढ बसते आणि वेग मिळत नाही. बंद केल्या तर वेग मिळतो, पण इंजिन भडकते. त्यातून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मधले कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. एकदा पेटली की विझवणे अवघड आणि आग पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत जायला वेळ लागत नसे. म्हणून वैमानिकाला जमिनीवरच शक्य तेवढा वेग घ्यावा लागे. त्यासाठी लांब पट्टी हवी. नॉर्थ फील्डची पट्टी संपली की पुढे कडा आणि खाली समुद्र. जड विमाने पट्टी सोडल्यावर मुद्दाम थोडी खाली, पाण्याजवळ नेत आणि वेग वाढला की वर घेत. ज्यांचा हिशेब चुकला ती विमाने तिथेच पडली.

या तळाचा एक धागा भारताशीही आहे आणि तो आपल्या लेखांत क्वचितच येतो. बी-२९ विमाने प्रथम लढाईत उतरली ती भारतातून. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी या तळांवर ५८ वी बॉम्बर विंग, म्हणजे बॉम्बफेकी विमानांची एक मोठी तुकडी, होती. त्यांच्या कमांडचे मुख्यालय खरगपूरजवळ हिजलीच्या बंदीगृहाच्या इमारतीत होते. पुढे त्याच इमारतीत पहिली आय.आय.टी. सुरू झाली. तिथे शिकलेले मराठी अभियंते पुष्कळ असतील, त्यांनी ती इमारत पाहिलेली असेल. जपानवर हल्ला करायचा तर ही विमाने आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगदूजवळच्या तळांवर जात. तिथे पेट्रोल नसल्याने तेही विमानानेच न्यावे लागे. एका विमानाच्या एका हल्ल्यापुरते इंधन साठवायला अनेक फेऱ्या व्हायच्या आणि त्या फेऱ्यांतच ढीगभर इंधन जळायचे. १५ जून १९४४ च्या रात्री यावाटाच्या पोलाद कारखान्यावर पहिला हल्ला झाला, पण ही व्यवस्था आतबट्ट्याचीच होती. टिनियनला पेट्रोल टँकर जहाजाने बंदरात येई आणि पाइपलाइनने टाक्यांत जाई. १९४५ च्या पहिल्या काही महिन्यांत ५८ वी विंग बंगाल-बिहारमधून निघून टिनियनच्या वेस्ट फील्डवर गेली, ती याच कारणाने. बेट जिंकण्यामागे सगळा हिशेब इंधनाचा होता.

नॉर्थ फील्डवर ३१३ वी विंग होती. तिची विमाने ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर झालेल्या आगबॉम्बच्या हल्ल्यात होती. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. हिरोशिमाच्या लेखांत ही रात्रही एका ओळीत उरकते. याच विंगने मार्च अखेरपासून जपानच्या सामुद्रधुन्यांत आणि बंदरांत बारा हजारांवर पाणसुरुंग टाकले. त्यांनी जपानची जहाजवाहतूक, विशेषतः शिमोनोसेकीची सामुद्रधुनी, इतकी गोठवली की अन्नधान्य आणि कोळसा पोहोचणे अवघड झाले. या मोहिमेचे सांकेतिक नावच ‘उपासमार’ या अर्थाचे होते. पाणसुरुंग टाकणे दिसायला नाट्यमय नाही, म्हणून बहुधा कोणी लिहीत नाही.

आता खड्डे. टिनियनवर असे दोन आहेत. बी-२९चे पोट जमिनीपासून फार उंच नसे. नेहमीचे बॉम्ब छोट्या गाडीवर ठेवून विमानाखाली ढकलायचे आणि साखळीने वर ओढायचे, अशी पद्धत होती. पण हिरोशिमावर टाकलेला ‘लिटल बॉय’ सुमारे ३ मीटर लांब आणि ४,४०० किलोचा होता. नागासाकीवरचा ‘फॅट मॅन’ तर व्यासानेच ६० इंचांचा, म्हणजे पाच फुटांचा, आणि वजन ४,६०० किलोंच्या वर. पाच फुटांचे पिंप विमानाच्या पोटाखाली शिरतच नाही. विमान उंच करता येत नाही, तर जमीन खाली न्यायची.

क्रम असा होता. बॉम्ब त्याच्या पाळण्यासह ट्रेलरवर ठेवून, ताडपत्रीने झाकून, जुळणीच्या इमारतीतून ट्रॅक्टरने आणायचा. ट्रेलर खड्ड्याच्या तोंडावरच्या रुळांवर घ्यायचा. खड्ड्यात हायड्रॉलिक लिफ्ट होती, आपल्या सर्व्हिस स्टेशनमध्ये गाडी उचलतात तशी. तिने बॉम्ब पाळण्यासह उचलून धरायचा, खालून ट्रेलर आणि रूळ काढून घ्यायचे, पाळणा ९० अंशांत वळवायचा आणि बॉम्ब खड्ड्यात उतरवायचा. मग विमान ट्रॅक्टरने मागे ढकलत खड्ड्यावर आणायचे. त्याचे एक मुख्य चाक जमिनीतल्या फिरत्या चकतीवर घेऊन विमान अचूक कोनात वळवायचे. मग लिफ्टने बॉम्ब वर, उघड्या दारातून पोटात. तिथे तो एकाच आकड्यावर टांगायचा. हा आकडा ब्रिटिशांच्या अवजड बॉम्बसाठीचा होता. दोन आकड्यांवरचा बॉम्ब एका बाजूने आधी सुटला तर विमानातच आडवा होण्याची भीती. सगळ्यात नाजूक क्षण विमान मागे ढकलण्याचा नव्हे, लिफ्ट वर जाण्याचा. दाराच्या कडा आणि बॉम्बच्या शेपटीचे पंख यांत फार मोकळी जागा नसे. लिटल बॉयचे हे काम ५ ऑगस्टला दुपारी झाले.

लिटल बॉयच्या युरेनियमचे भाग आले ते वेगवेगळ्या मार्गांनी. काही भाग ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरने २६ जुलैला उतरवले. ती चार दिवसांनी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. उरलेले भाग मालवाहू विमानांनी आले. जुळणी वातानुकूलित इमारतींत झाली. मारियानाच्या दमट, खाऱ्या हवेत स्फोटकांचे आणि विद्युतजोडण्यांचे काम उघड्यावर शक्य नव्हते.

‘बॉम्ब तयार करून विमानात चढवला’ असे आपल्या लेखांत लिहितात. लिटल बॉयच्या बाबतीत हे चूक आहे. त्या बॉम्बमध्ये युरेनियमचा एक भाग तोफेसारख्या नळीतून दुसऱ्यावर डागला जाई. कॉर्डाइट स्फोटकाची भरणी आत असताना विमान उड्डाणात कोसळून पेटले असते, तर बेटावरच अणुस्फोट होण्याची शक्यता होती. जड बी-२९ विमाने उड्डाणातच पडून जळणे टिनियनला नवलाचे नव्हते. विल्यम पार्सन्स या नौदल अधिकाऱ्याने म्हणून ठरवले की कॉर्डाइटच्या चार पिशव्या विमान हवेत गेल्यावर भरायच्या. ६ ऑगस्टला पहाटे २ वाजून ४५ मिनिटांनी हिरोशिमाला जाणारे ‘एनोला गे’ हे विमान एबल नावाच्या धावपट्टीवरून उठले, नेहमीच्या मर्यादेहून कित्येक टन जड, आणि जवळजवळ सगळी पट्टी वापरून. थोड्याच वेळात पार्सन्सने अरुंद कप्प्यात उतरून पिशव्या भरल्या. पुढे त्याचा सहायक मॉरिस जेप्सनने सुरक्षेच्या हिरव्या खुंट्या काढून लाल बसवल्या. त्यानंतरच बॉम्ब खऱ्या अर्थाने तयार झाला.

फॅट मॅनची रचना वेगळी. त्यात प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटकांचे कवच होते आणि ते हवेत जोडता येण्याजोगे नव्हते. म्हणजे ९ ऑगस्टची पहाट टिनियनला ६ ऑगस्टपेक्षा जास्त धोक्याची होती. फॅट मॅन नेणारे ‘बॉक्सकार’ हे विमान निघायच्या आधीच एका राखीव टाकीतून इंधन ओढणारा पंप बिघडलेला आढळला. सहाशे गॅलनवर पेट्रोल नुसते वजन म्हणून वाहून न्यायचे, वापरता यायचे नाही. तरी उड्डाण झाले. मूळ लक्ष्य असलेल्या कोकुरा शहरावर धूर आणि ढग, म्हणून नागासाकी. आणि परतताना टिनियनपर्यंत पोहोचणे अशक्य म्हणून ओकिनावा. एका पंपाचे एवढे लांबपर्यंत परिणाम.

युद्ध संपल्यावर दोनेक वर्षांत तळ ओस पडला. ऐन भरात बेटावर ५० हजारांच्या आसपास सैनिक होते. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,०४४ आहे. बेटाचा आकार मॅनहॅटनसारखा म्हणून सैनिकांनी रस्त्यांना न्यूयॉर्कची नावे दिली होती. ब्रॉडवे आणि एट्थ अव्हेन्यू अजून त्याच नावांनी आहेत, फक्त दोन्ही बाजूंना रान आहे. बंदराची भिंत पोलादी पत्र्यांची गोल कोठारे रोवून, त्यांत प्रवाळ भरून केलेली होती. पत्रा गंजला की आतला प्रवाळ समुद्रात सांडतो, आणि तो सांडला आहे. जपानी नौदलाच्या काँक्रीटच्या इमारती मात्र गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन उभ्या आहेत. दोन्ही खड्डे भरून टाकले होते; एकात नारळ लावला होता, दुसऱ्यात चाफा. २००४ मध्ये बेटावरच्या लढाईच्या साठाव्या वर्षी ते उकरून वर काचेची छपरे घातली. नॉर्थ फील्ड १९८५ पासून अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मात्र बेटाचा उत्तरेकडचा दोन तृतीयांश भाग १९८३ च्या करारापासून अमेरिकी लष्कराकडे भाडेपट्ट्यावर आहे.

त्या धावपट्ट्या गिळणारे रान कशाचे, हे वाचून आपल्या शेतकऱ्यांना हसू येईल. तिथे ज्याला ‘तांगनतांगन’ म्हणतात ती आपली सुबाभूळ! सत्तरच्या दशकात उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आपल्याकडे जिचा प्रचार केला तीच जात. आपल्याकडचा के-८ हा वाण उंच वाढणारा, तिकडची झुडपी आणि दाट. युद्धाने उघड्या पडलेल्या मारियानाच्या जमिनींची धूप थांबावी म्हणून तिचे बी मोठ्या प्रमाणावर पेरले गेले. बांधावरची सुबाभूळ ज्याने तोडली आहे त्याला पुढचे ठाऊक आहे: खोड कापले की बुंध्यातून चौपट फुटवे येतात आणि जमिनीतले बी वर्षानुवर्षे उगवत राहते. चुनखडीची, निचऱ्याची जमीन तर तिला मानवतेच. डांबराच्या भेगेत बी पडले की रोप येते, मूळ भेग रुंद करते, पाणी आत जाते. पण खाली घट्ट प्रवाळ असल्याने मुळे खोल न जाता वरच्या थरातच पसरतात. म्हणजे डांबराची छत्री फाटली, आतला पाया शाबूत राहिला.

म्हणूनच २०२३ च्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाने नॉर्थ फील्ड पुन्हा वापरात आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ते कागदावरचे स्वप्न नव्हते. काम झाडे काढण्यापासून सुरू होते: बुंधे नुसते कापून भागत नाही, मुळासकट उपटावे लागतात. जमिनीत न फुटलेले दारूगोळे असल्याने यंत्र लावण्याआधी तपासणी. मग सुटलेले डांबर खरवडणे, खळगे भरणे, नवा थर. खालची खोदाई आणि भराव १९४४-४५ मध्येच झालेला आहे. आठ दशकांपूर्वीचे ४८ लाख घनयार्ड आज फुकट मिळतात, आणि नेमके पॅसिफिकमध्ये चीनच्या क्षेपणास्त्रांचा धोका मोजला जात असताना, एकाच मोठ्या तळावर सगळी विमाने ठेवायची नाहीत असे हवाई दल म्हणत असताना मिळतात. उपग्रहाच्या छायाचित्रांत हिरव्या रानातून चार करड्या पट्ट्या पुन्हा दिसू लागल्या आहेत.

तेव्हा पुढच्या ऑगस्टसाठी दोन विनंत्या. टिनियनला ‘जंगलात हरवलेला तळ’ म्हणू नये, ते वर्णन आता जुने झाले. आणि काचेखालच्या खड्ड्याचे छायाचित्र छापाल तेव्हा खाली एवढेच छापावे: ‘बॉम्ब विमानात चढवण्याचा खड्डा, नॉर्थ फील्ड, टिनियन, विमान यावर मागे ढकलत आणले जाई.’

आपला,
एक वाचक, पुणे